जुने ब्रिटिश पत्त्यांचे खेळ जमवताना: आधी मोजा, मग नियमांचा कागद शोधा

लीड्सला राहणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा: चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दान आलेल्या वस्तूंच्या दुकानात, त्यांना ‘हॅपी फॅमिलीज’ या पत्त्यांच्या जुन्या खेळाची डबी मिळाली. डबीवर जेक्स कंपनीचं नाव आहे, साल कुठेच नाही, नियमांचा कागद हरवलेला आहे आणि पत्ते मोजले तर ५१ भरले. हा संच किती जुना, अपुऱ्या संचाचं करायचं काय, असे घरगुती खेळ जमवायचे तर सुरुवात कुठून करावी आणि पुढेमागे पुण्याला परतल्यावर ते जपायचे कसे? सोबत फोटोही आहेत. मी हे खेळ गेली बरीच वर्षं ब्रिटनमध्ये राहून जमवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ५१ पत्त्यांचं बघू. जेक्सच्या हॅपी फॅमिलीजमध्ये पूर्ण पत्ते ५२. तेरा कुटुंबं आणि प्रत्येकात चौघं: मिस्टर, मिसेस, मास्टर आणि मिस. बन बेकर, बोन्स खाटीक, बंग बिअरवाला, चिप सुतार, डिप रंगारी, डोस डॉक्टर, फील्ड शेतकरी, ग्रिट्स वाणी, ‘मग’ आडनावाचा गवळी, पॉट्स पेंटर, सूट धुराडी साफ करणारा, स्पेड माळी आणि टेप शिंपी. टेबलावर एकेक कुटुंब ओळीने मांडलं की भोक आपोआप दिसतं. तुमच्या फोटोंत डिप रंगाऱ्याची मुलगी नाही. बाकी सगळे हजर आहेत.

एक पत्ता गेला की विक्रीची किंमत बरीच उतरते, हे खरं. पण म्हणून डबी टाकून द्यायची नाही. असे अपुरे संच जाणकार लोक मुद्दाम घेऊन ठेवतात, कारण त्याच छपाईचा दुसरा अपुरा संच कधीतरी समोर येतो आणि दोन मिळून एक पुरा होतो. मात्र दुसऱ्या छपाईतला पत्ता आणून जागा भरू नका. जेक्सने हाच खेळ कित्येक दशकं छापला. चित्रं सारखी दिसतात, पण पुठ्ठ्याची जाडी, रंगांची जात आणि पाठीची छटा बदलत गेली. उसना पत्ता खेळायला ठेवायचाच असेल तर डबीत छोटी चिठ्ठी टाका की हा पत्ता मूळचा नव्हे. ती चिठ्ठी पुढच्या माणसाला फसगतीपासून वाचवते. पत्त्यावर मात्र पेन्सिलीनेसुद्धा काही लिहू नका.

आता सुरुवात कुठून करायची याचं माझं उत्तर. या छंदात नवीन माणूस चित्रावर भाळतो, आणि ते साहजिक आहे, चित्रं आहेतच तशी. पण मी पहिल्यांदा पत्ते मोजते आणि दुसऱ्यांदा नियमांचा कागद शोधते. नेहमीच्या कॅटात पत्ते किती हे लहान मुलालाही माहीत असतं. इथे प्रत्येक खेळाचा आकडा वेगळा. एकात ५२, दुसऱ्यात ४८, तिसऱ्यात ४४. कुटुंबं गोळा करण्याचा खेळ असेल तर आकड्याला चाराने भाग गेला पाहिजे, एवढं तरी चटकन तपासता येतं. बाकीच्या खेळांत पुरे किती हे फक्त त्या घडी केलेल्या पातळ कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद गेला की चित्रांचा गठ्ठा उरतो आणि खेळ जातो. शिवाय प्रकाशकाचा पत्ता, त्याच्या इतर खेळांची यादी, कधी किमती, हे सगळं त्याच कागदावर असतं, आणि साल ठरवायला त्याच्याइतकी मदत कशाचीच होत नाही. म्हणून चित्रं थोडी झिजलेली, पण पत्ते पुरे आणि कागद शाबूत अशी डबी मला कोऱ्या करकरीत, पण कागदाविना असलेल्या डबीपेक्षा केव्हाही जास्त मोलाची वाटते.

तुमच्या संचाच्या वयाकडे येते. जॉन जेक्स हे लंडनचं जुनं खेळसाहित्याचं घराणं, १७९५ सालापासूनचं. बुद्धिबळाची स्टाँटन सोंगटी १८४९ मध्ये त्यांनीच बाजारात आणली. हॅपी फॅमिलीज आला १८५१च्या सुमारास, लंडनच्या महाप्रदर्शनाच्या काळात. चित्रं ‘पंच’ साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार जॉन टेनिएल याची, असं परंपरेने सांगतात आणि विक्रेते ते ठासून सांगतात. पत्त्यांवर त्याची सही नाही, तेव्हा केवळ त्या नावासाठी जादा पैसे मोजू नका. चित्रं त्या नावाविनाही अस्सल आहेत. मोठाली डोकी, त्याखाली चिमुकली धडं, प्रत्येकाच्या हातात त्याच्या धंद्याचं हत्यार. सूटच्या कुटुंबाकडे जरा थांबून पाहा. धुराड्यांत लहान मुलांना चढवायला १८४० च्या कायद्यानेच बंदी झाली होती, तरी ती प्रथा खऱ्या अर्थाने १८७५ च्या कायद्यानंतर थांबली. म्हणजे हा खेळ पहिल्यांदा घराघरांत गेला तेव्हा दिवाणखान्यातली मुलं ‘मास्टर सूट’ मागत होती आणि त्याच रस्त्यावर त्या वयाची खरी पोरं काजळीत चढत होती. मला या पत्त्यांचं आकर्षण वाटतं ते अशा गोष्टींमुळे.

जेक्सचा कारखाना लंडनच्या हॅटन गार्डनमध्ये होता. १९४१ मध्ये जर्मन बॉम्बफेकीत तो नष्ट झाला आणि कंपनी दुसरीकडे गेली. तेव्हा डबीवर किंवा कागदावर हॅटन गार्डनचा पत्ता असेल तर संच त्याआधीचा. नावापुढे ‘लिमिटेड’ असेल तर व्हिक्टोरियन म्हणून विकणाऱ्यावर विश्वास टाकण्याआधी थांबा. ते शेपूट नंतरच्या काळातलं आहे. तुमच्या डबीच्या झाकणावर ‘लिमिटेड’ आहे, पत्त्यांचे कोपरे गोल आहेत आणि रंग छापील दिसतात. माझ्या मते तो विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतला आहे.

कोपऱ्यांचा ठोकताळा असा की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचे पत्ते चौकोनी कोपऱ्यांचे, पुढे गोल कोपरे रूढ झाले. एकट्या कोपऱ्यावरून निकाल द्यायचा नाही, कारण काही स्वस्त खेळ नंतरही चौकोनीच कापले जात.

छपाई मात्र खोटं बोलत नाही. दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग घ्या, ते स्वस्तात मिळतं. हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यावर रंग काळ्या रेषेच्या बाहेर किंचित सांडलेला असतो, किंवा रेषेच्या अलीकडेच थांबून पांढरी फट सोडतो, आणि एकाच रंगात कुठे पाणी जास्त, कुठे कमी असा फरक दिसतो. दगडी छाप्यावरच्या रंगीत लिथोग्राफीत प्रत्येक रंग वेगळ्या दगडावरून आलेला असतो. भिंगाखाली बारीक, ओबडधोबड ठिपके आणि सलग रंगाचे पट्टे दिसतात, आणि कडेला एखादा रंग केसभर सरकलेला सापडतो. आजच्या नकलेत निळ्या, लाल, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते, फुलासारखी गुंफलेली. ती जाळी दिसली आणि विक्रेता १८६० म्हणत असला, तर आभार मानून निघावं.

दुसरं साधन म्हणजे अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी. दुसऱ्या महायुद्धानंतर, साधारण १९५० पासून, कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं सर्रास घालायला लागले. अंधारात त्या बॅटरीखाली असा कागद निळसर पेटतो, जुना कागद मात्र मंद, पिवळट राहतो. अख्ख्या संचात एकच पत्ता पेटला तर तो कुणीतरी नंतर घुसवला आहे. संच घट्ट धरून कडेने पाहण्याची सवयही लावून घ्या. एखादा पत्ता अर्ध्या मिलिमीटरने आखूड असेल तर तो एक तर कापून साफ केलेला आहे किंवा परका आहे.

खोक्यावर कधी ‘आरडी नंबर’ असं लिहून एक आकडा दिलेला असतो. तो नोंदणीकृत डिझाइनचा क्रमांक. ही मालिका १८८४ मध्ये १ पासून सुरू झाली, १८९० च्या आरंभी एक लाख एकेचाळीस हजारांच्या पुढे होती आणि १९०० च्या आरंभी तीन लाख एक्कावन्न हजारांच्या पुढे. आकड्यावरून नोंदणीचं साल काढता येतं. त्याहून आधीच्या, १८४२ ते १८८३ दरम्यानच्या, वस्तूंवर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची खूण असते. ध्यानात ठेवायचं ते एवढंच की नोंदणीनंतर तोच खेळ वीसवीस वर्षं छापला गेला असू शकतो. हे साल ‘याच्या आधीचा नाही’ एवढं सांगतं. किंमत दशमान पद्धतीच्या नव्या पेन्समध्ये असेल तर फेब्रुवारी १९७१ नंतरचा माल. डिस्नेच्या पात्रांवरच्या खेळांत ‘वॉल्ट डिस्ने – मिकी माउस लिमिटेड’ अशी परवानगीची ओळ असेल तर तो १९३० च्या दशकातला समजायला हरकत नाही.

इथे एक ऐतिहासिक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नेहमीच्या खेळायच्या पत्त्यांवर इंग्लंडमध्ये कर होता. इस्पिकच्या एक्क्यावरची ती नक्षीदार कलाकुसर त्या कराच्या शिक्क्यातूनच आली. १८६२ मध्ये कर तीन पेन्सांवर आला आणि १९६० मध्ये कायमचा गेला. हॅपी फॅमिलीज, स्नॅप, ओल्ड मेड असल्या खेळांत चार रंग नाहीत, एक्का नाही, त्यामुळे ते त्या कराच्या कचाट्याबाहेर राहिले. त्याहून मोठं कारण घरातलं. व्हिक्टोरियन काळातल्या अनेक कर्मठ प्रॉटेस्टंट घरांत राजा-राणी-गुलामाचे पत्ते म्हणजे जुगार, ते उंबऱ्याच्या आत नकोत. पण बेकर आणि खाटकाची चित्रं असलेले पत्ते चालत. ख्रिसमसच्या संध्याकाळी आजीपासून नातवापर्यंत सगळे एका टेबलाभोवती बसू शकतील असा खेळ लोकांना हवा होता, आणि प्रकाशकांनी तो पुरवला. या दोन कारणांनी ब्रिटनमध्ये चित्रांच्या घरगुती खेळांचं पीक एवढं मोठं आलं.

आणि त्यातलं बरंच आपल्या ओळखीचं आहे. हॅपी फॅमिलीजमध्ये समोरच्याकडे पत्ता मागायचा, त्याच्याकडे नसेल तर तो म्हणतो, ‘नॉट ॲट होम’, आणि मागण्याची पाळी त्याच्याकडे जाते. मे महिन्याच्या सुट्टीत आपण साध्या कॅटावर चार-चार पत्ते गोळा करत ‘नॉट ॲट होम’ खेळलो, तो याच घराण्यातला खेळ. गुलामचोर आणि ओल्ड मेड यांची रचना एकच, शेवटी बिनजोडीचा पत्ता ज्याच्या हातात राहील तो हरला. भिकार-सावकार खेळलेल्या माणसाला ‘बेगर माय नेबर’ शिकवावा लागत नाही. तुमच्या घरी पुण्याहून आईवडील येतील तेव्हा हे खेळ काढून बघा, नियम अर्ध्या वाक्यात समजतात.

आता जमवायचं काय. सगळंच जमवायला गेलात तर दोन वर्षांत कपाट भरेल आणि हाती काही लागणार नाही. एक धागा धरा. कुणी एकच प्रकाशक धरतो, कुणी एकच खेळ वेगवेगळ्या छपायांत, कुणी एक दशक. मी स्वतः ‘पेपिस’ हा शिक्का धरला. लंडनच्या कॅस्टेल ब्रदर्स कंपनीने या नावाने १९३० च्या दशकापासून पुढे बरेच खेळ काढले. हा शिक्का मी नवशिक्यांना आवर्जून सुचवते. डब्या छोट्या, चित्रकला उत्तम, संच अजूनही परवडतात, आणि त्या काळातलं ब्रिटन काय बोलत होतं, कशाला घाबरत होतं ते या खेळांत उघडं दिसतं.

‘बेलीशा’ घ्या. लेस्ली होर-बेलीशा हा १९३४ ते १९३७ मध्ये वाहतूकमंत्री. पादचाऱ्यांच्या रस्ता ओलांडायच्या जागी काळ्यापांढऱ्या खांबांवर पिवळे गोळे लागले ते त्याच्याच कारकिर्दीत, आणि आजही त्यांना त्याच्याच नावाने ओळखतात. १९३५ मध्ये नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली आणि वस्तीत ताशी तीस मैलांची मर्यादा आली. पेपिसने लगेच रस्त्यावरच्या पाट्या आणि सिग्नलांचा खेळ केला आणि नाव दिलं मंत्र्याचं. रमीच्या धर्तीवर पत्ते लावता लावता घरातली मुलं वाहतुकीचे नियम शिकायची.

माझा सर्वांत लाडका खेळ मात्र ‘कॉन्ट्राबँड’, १९५० च्या आसपासचा. एक खेळाडू कस्टम अधिकारी होतो, बाकीचे परदेशातून परतलेले प्रवासी. तुमच्या हातात काही किरकोळ माल, काही मौल्यवान. अधिकाऱ्यापुढे काय आणलं ते तोंडाने सांगायचं, खरं सांगायचं की थाप मारायची हे तुमचं तुम्ही ठरवायचं. अधिकाऱ्याला संशय आला तर तो तपासतो. पकडले गेलात तर दंड भरायचा, आणि तपास निष्फळ ठरला तर नुकसान त्याचं. राजनैतिक टपालाच्या पिशवीचा एक पत्ता आहे, तो हाती असला की रुबाबच वेगळा. हा खेळ निघाला तेव्हा ब्रिटनमध्ये रेशनिंग चालू होतं, ते १९५४ पर्यंत संपलं नाही, आणि परदेशात जाताना किती पौंड बरोबर न्यायचे यावर सरकारी मर्यादा होती. चोरून आणलेल्या अत्तराची बाटली हे त्या दिवसांत प्रत्येक घराला कळणारं चित्र होतं. आमच्याकडे पाहुणे जमले की हीच डबी आधी निघते. संध्याकाळभर अतिशय सज्जन माणसं डोळ्याला डोळा भिडवून थापा मारतात.

लीड्सला राहता म्हणून ‘लेक्सिकन’ सांगायलाच हवा. वॉडिंग्टन्स ही तुमच्याच गावची छापखान्याची कंपनी. १९२० च्या दशकात ती पत्त्यांच्या धंद्यात उतरली आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी आलेल्या या अक्षरांच्या खेळाने तिचं नाव घराघरांत पोचवलं. पुढच्याच काही वर्षांत मोनोपॉलीचे ब्रिटिश हक्क तिच्याकडे आले. लेक्सिकन इतका खपला की तो आजही कुठेही, अगदी थोड्या पैशांत मिळतो. वॉडिंग्टन्सचे वेगवेगळ्या काळातले लेक्सिकन, स्थानिक बाजारांतून, एवढाच धागा धरलात तरी पुष्कळ वर्षं पुरेल.

स्पिअर्सचे खेळही बघा. ही कंपनी मूळची जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातल्या न्यूरेंबर्ग परिसरातली, १८७९ सालची, पण तिचा मोठा ग्राहक ब्रिटन. १८८७ च्या कायद्याने आयात मालावर मूळ देश सांगणं भाग पडलं, म्हणून जुन्या डब्यांवर ‘स्पिअर वर्क्स, बव्हेरिया’ अशी ओळ सापडते. रंगीत लिथोग्राफी पाहावी तर या डब्यांवरची. १९३२ मध्ये त्यांनी लंडनजवळ एनफील्डला कारखाना काढला. कुटुंब ज्यू होतं. १९३८ मध्ये नाझी राजवटीत जर्मनीतला कारखाना त्यांच्या हातून हिसकावला गेला. बव्हेरियाची डबी आणि एनफील्डची डबी शेजारी ठेवल्या की त्या दोन ओळींमध्ये काय घडून गेलं हे डोळ्यांपुढे येतं. माझ्या कपाटात त्या दोन्ही मुद्दाम शेजारीच आहेत.

दुर्मीळ वस्तूंमध्ये एकच नाव घेते: ‘पँको’. १९०९ मध्ये निघालेला, स्त्रियांच्या मताधिकारावरचा खेळ. त्या चळवळीच्या नेत्या एमेलीन पँकहर्स्ट यांच्या नावावरून नाव, चित्रं ‘पंच’च्या ई. टी. रीडची, आणि टेबलावर दोन बाजू: मताधिकारवाल्या स्त्रिया आणि त्यांचे विरोधक. चळवळीच्या स्वतःच्या साप्ताहिकात त्याच्या जाहिराती येत. ज्या मुलींनी तो खेळ लहानपणी खेळला असेल त्यांच्या आयांना मर्यादित मताधिकार मिळाला १९१८ मध्ये, आणि पुरुषांच्या बरोबरीने तो मिळायला १९२८ उजाडलं. पूर्ण संच लिलावात शेकडो पौंडांना जातो. सुरुवातीलाच त्याच्या मागे लागू नका, पण लंडनच्या संग्रहालयांत कुठे मांडलेला दिसला तर वेळ काढून बघा.

काही जुने संच असेही हाती येतील की ज्यांत आफ्रिकी, चिनी, ज्यू किंवा आपल्याकडच्या माणसांची विकृत सोंगं काढलेली आहेत. साम्राज्याच्या काळात ती दिवाणखान्यात हसत खेळली जात. मी असे संच घेते, कारण ते नाहीसे झाले तर कुणी असं केलंच नव्हतं असं म्हणायला लोक मोकळे होतील. पण ते वेगळ्या खोक्यात ठेवते, खेळायला काढत नाही, आणि कुणाला दाखवलेच तर त्यांचा इतिहास सांगून दाखवते. तुम्ही घेऊ नयेत असं ठरवलंत तर तोही निर्णय मला मान्य आहे.

खरेदीबद्दल थोडक्यात. चॅरिटी शॉप आणि कार बूट सेलमध्ये (लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजारात) डबी उघडून मोजायला मागा, संकोच करू नका. सुतळी किंवा चिकटपट्टीने बंद केलेली डबी ‘पूर्ण असावी’ या शब्दांवर घेऊ नका. गावच्या छोट्या लिलावांत खेळांचे मिश्र लॉट निघतात, आणि एका लॉटात तीन अपुरे संच नि एक हिरा असा प्रकार होतो. न्यूअर्कची मोठी जुन्या वस्तूंची जत्रा आणि एफेमेरा सोसायटीचे, म्हणजे जुने किरकोळ छापील कागद जमवणाऱ्यांच्या संस्थेचे, मेळावे इथे जाणकार विक्रेते भेटतात. तिथे भाव जास्त, पण वर्णन खरं. ऑनलाइन घेताना विक्रेत्याला तीनच गोष्टी विचारा: किती पत्ते, नियमांचा कागद आहे का, सगळ्या पत्त्यांच्या पाठींचा एकत्र फोटो मिळेल का. तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर सोडून द्या. पेपिसचे नेहमीचे संच दहा-पंधरा पौंडांच्या आत मिळतात. जेक्सचा पुरा जुना संच त्याच्या कितीतरी पट जाईल. गुंतवणूक म्हणून यात उतरू नका, भाव फॅशनप्रमाणे वर-खाली होतात.

अभ्यास वाढवायचा असेल तर आंतरराष्ट्रीय प्लेइंग-कार्ड सोसायटीचं सभासद व्हा; ती १९७२ पासून चालू आहे आणि तिचं नियतकालिक वाचनीय असतं. या जगाशी आपलं जुनं नातं आहे. मुंबईत राहिलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले जुने भारतीय पत्ते, जमवले आणि १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासाठी भारतीय गंजिफांवर पुस्तक लिहिलं. सावंतवाडीच्या राजवाड्यात लाखकामाचे गंजिफा आजही हाताने रंगवले जातात. पुण्याला परतलात की तिथे एकदा जाऊन या. छापील ब्रिटिश पत्ते हाताळून गेलेल्या माणसाला तिथला कारागीर कुंचला कसा धरतो ते वेगळ्याच नजरेने दिसतं.

राहिलं जतन. या पत्त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू रबरबँड. तो कडा दाबतो, नंतर वितळून चिकटतो आणि निघताना चित्र घेऊन निघतो. तुमच्या फोटोतला आजच काढा. त्याऐवजी आम्लमुक्त कागदाची रुंद पट्टी सैलसर गुंडाळा. प्लास्टिकची पाकिटं घ्यायची तर पॉलिप्रोपिलीनची किंवा पॉलिएस्टरची. पीव्हीसीची नकोत, त्यांतून निघणारे वायू आणि तेलकटपणा रंग खातात. फाटलेल्या डबीला सेलोटेप लावायची नाही. गव्हाच्या खळीने जपानी कागद चिकटवतात, पण ते एखाद्या ग्रंथ-दुरुस्ती करणाऱ्याकडून शिकून घ्या. पत्ते ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका. हाताने रंगवलेल्या पत्त्याला पाण्याचा थेंबही चालत नाही.

इंग्लंडात गरम केलेल्या खोलीतली कोरडी हवा पत्ते वाकवते. पुण्यात उलट संकट: जून ते सप्टेंबर बुरशी आणि कसर. कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नका. संच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं एक छोटं यंत्र. काटा पंचेचाळीस ते पंचावन्न टक्क्यांत राहिला पाहिजे. पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या, किंवा नारिंगीच्या हिरव्या, की गरम करून परत वापराव्यात. डांबरगोळ्या पत्त्यांजवळ नकोत. पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये सगळे डबे एकदा उघडून बघायचे, उन्हात नाही, सावलीत. कोकणात घर असेल तर तिथे हा संग्रह नेऊच नका.

आणि प्रत्येक डबीत एक छोटं कार्ड ठेवा: खेळाचं नाव, प्रकाशक, पत्ते किती हवेत आणि किती आहेत, कुठला पत्ता नाही, नियमांचा कागद मूळ की झेरॉक्स, कुठून आणि कधी घेतला. मूळ कागद जीर्ण असेल तर तो पाकिटात ठेवून खेळताना प्रत वापरा. ज्या खेळाचा कागद तुमच्याकडे नाही त्याचं नाव मला कळवा. पेपिस आणि जेक्सच्या बऱ्याच खेळांचे कागद माझ्याकडे स्कॅन करून ठेवलेले आहेत, हॅपी फॅमिलीजचा तर लगेच पाठवते.